फसलेल्या छाप्याचे कथन : जुवे, १६८३

पराभवाचे कथन करण्याच्या रीती मराठी गद्याला चांगल्या अवगत आहेत. पानिपतच्या संहाराने बखरी घडवल्या, आणि त्या बखरींनी पुढच्या काळातील मराठी शोकात्म कल्पनेला तिची शब्दकळा पुरवली. पराभवात मृत्यू असतो, राज्याचा विच्छेद असतो, घराघरांतले सुतक असते. कथनाला टेकायला जागा असते. फसलेल्या छाप्याचे तसे नाही. तिथे सैन्य मोडत नाही, सेनापती पडत नाही, गादी हलत नाही. काही माणसे रात्री पाणी ओलांडतात, तट चढतात, एक-दोन दिवस तिथे राहतात आणि परत येतात. शहर जिथे होते तिथेच राहते. या घटनेला आरंभ आहे आणि मध्यही आहे, परंतु कथनाला हवा असलेला अंत नाही. फसलेला छापा ही पराभवाहून वेगळी कोटी आहे आणि तिच्या कथनाचा वेगळा विचार केला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. आपल्याकडे तो झालेला नाही, कारण बखरीचा प्रश्न आपण फार काळ 'खरे की खोटे' या एकाच दारातून आत घेत आलो.

त्यासाठी येथे निवडलेला प्रसंग म्हणजे संभाजी महाराजांच्या सैन्याने नोव्हेंबर १६८३ मध्ये गोवे शहराच्या उंबरठ्यावर, मांडवी नदीतील जुवे बेटावर घातलेला रात्रीचा छापा. मराठी वाचकाला तो बहुधा दुसऱ्याच नावाने ठाऊक असतो : खंडो बल्लाळांनी खाडीत महाराजांचे प्राण वाचवले तो प्रसंग. एका लष्करी डावाचे नाव पुसले जाऊन त्या जागी एका सेवकाचे नाव यावे, हे कसे घडले हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

प्रसंगाचा सांगाडा पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरातून उभा केला. त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाला आणि या विषयावरील मराठी लेखनाचा तो आजही पाया आहे. व्हाइसरॉय फ्रांसिस्कु द ताव्होरा, म्हणजेच कोंदी द आल्व्होर, याने १६८३ च्या ऑक्टोबरअखेर फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. तोफांनी तटाला खिंडार पडले. येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी आतून झुंजत राहिले. संभाजी महाराज स्वतः मदतीला आल्यावर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात व्हाइसरॉयला वेढा उठवून माघारी जावे लागले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २४ नोव्हेंबरच्या रात्री, ओहोटी साधून सुमारे चाळीस मराठे जुव्यावर उतरले आणि त्यांनी तिथला किल्ला घेतला. पोर्तुगीज या बेटाला सांतु इस्तेव्हांव म्हणत. राजधानीचे शहर तिथून जवळ होते. मध्ये नदीचा एक फाटा, एवढेच. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाइसरॉय सैन्य घेऊन बेटावर आला आणि मराठ्यांच्या हल्ल्यापुढे त्याची दाणादाण उडाली. तो स्वतः जखमी झाला आणि कसाबसा शहरात परतला. त्या घटकेला शहर घेता आले असते की नाही, हा युद्धशास्त्राचा प्रश्न आहे. घेतले गेले नाही, हे खरे. एक-दोन दिवसांत मराठ्यांनी बेट सोडले. पुढच्या महिन्यात साष्टी आणि बारदेश या प्रांतांत त्यांनी मोठी लूट केली. जानेवारी १६८४ मध्ये मोगल शहजादा शाहआलम गोव्याच्या सीमेवर येऊन ठेपला आणि मोहीम आटोपली.

या शहराला असा अनपेक्षित धक्का देण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हता. शिवाजी महाराजांनी १६६८ साली चार-पाचशे माणसे थोडीथोडी करून, वेश पालटून शहरात घुसवण्याचा बेत केला होता. व्हाइसरॉयला सुगावा लागल्याने तो फसला. म्हणजे पंधरा वर्षांत एकाच शहराविरुद्धचे दोन गुप्त डाव फसले. पहिल्याचे मराठीत आख्यान झाले नाही, दुसऱ्याचे झाले. फरक पाण्यामुळे पडला, असे म्हणावेसे वाटते.

आधी शहराच्या आतले कथन पाहू, कारण ते सर्वांत लवकर तयार झाले. जखमी व्हाइसरॉय बॉम जेझू चर्चमध्ये गेला, संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला अधिकारदंड, नेमणुकीची राजपत्रे व विनंतीचा कागद संताच्या स्वाधीन केला. यापुढे राज्य तुम्हीच सांभाळा, असा त्याचा अर्थ. कथनदृष्ट्या ही विलक्षण कृती आहे. शासनाचा कर्ता बदलला की घटनेचा कर्ताही बदलतो. यानंतर शत्रू निघून गेला तर तो संताने घालवला. व्हाइसरॉयच्या युद्धकौशल्याचा प्रश्न उरतच नाही. मग मराठे खरोखरच गेले आणि कथेचे वर्तुळ पूर्ण झाले. पुढे नव्या राज्यकर्त्याने संताच्या समाधीपाशी अधिकारदंड स्वीकारण्याची प्रथा पडली, म्हणजे आख्यानाचे विधीत रूपांतर झाले. शहराच्या आत राहून हे सारे अनुभवणारा व्हेनिसचा निकोलाव मनुची मात्र संतापेक्षा स्वतःच्या सल्ल्याला अधिक महत्त्व देतो. त्याच्या लेखनातल्या आढ्यतेकडे दुर्लक्ष करून वाचले तर शहर किती घाबरले होते हे त्याच्याकडूनच कळते. हीच भीती व्हाइसरॉयच्या पुढच्या निर्णयातही दिसते : राजधानी मांडवीकाठावरून मुरगावला हलवण्याचा बेत त्याने मनावर घेतला. चमत्कारावर पूर्ण भरवसा असता तर शहर हलवण्याची गरज नव्हती. पोर्तुगीज संहितेतला हा अंतर्विरोध मोठा बोलका आहे.

आता बखर. मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, साताऱ्याच्या गादीच्या आश्रयाने छत्रपतींची चरित्रे लिहिली. घटना आणि लेखन यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. चिटणिशी परंपरेने रूढ केलेले आख्यान असे : महाराज फिरंग्यांचा पाठलाग करीत घोडा थेट खाडीत घालतात, भरतीचे पाणी चढते, घोडा पोहणीला लागतो, प्राणावर बेतते, खंडो बल्लाळ उडी टाकून घोडा धरतात आणि महाराजांना काठाला आणतात, महाराज प्रसन्न होऊन त्यांचा गौरव करतात. मल्हार रामराव हे याच खंडो बल्लाळांच्या घराण्यातले. खंडो बल्लाळांचे वडील बाळाजी आवजी चिटणीस यांना संभाजी महाराजांनीच कटाच्या संशयावरून १६८१ साली देहान्त शिक्षा दिली होती.

हे तीन धागे एकत्र ठेवले की प्रसंगाचे रूपच बदलते. ज्याने बाप मारला त्या राजाला मुलगा बुडताना वाचवतो, आणि ही गोष्ट त्या मुलाचा वंशज लिहितो. आपल्या अभ्यासकांनी यातला एकच धागा वारंवार ओढला. बाळाजी आवजींच्या वधाचा राग मनात धरून चिटणिसांनी संभाजी महाराजांचे चरित्र काळे केले, हा वा. सी. बेंद्र्यांपासूनचा युक्तिवाद सर्वपरिचित आहे. इतिहासाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. चिटणिशी बखरीतला संभाजी वारंवार उतावळा आणि दुसऱ्याच्या सल्ल्याने चालणारा दिसतो. परंतु वाङ्मयीन वाचनाला हा युक्तिवाद अपुरा पडतो. नुसता सूडच असता तर या प्रसंगाची गरज काय होती? सुडाच्या कथेत राजा बुडायला हवा होता, निदान पळायला हवा होता. इथे तर तो शत्रूच्या मागे पाण्यात घोडा घालतो. त्याच्या शौर्याविषयी इतकी निःशंक साक्ष या परंपरेत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

प्रसंगाची रचना दुहेरी आहे, असे म्हणावे लागते. राजाचे साहस मान्य करायचे आणि त्याच साहसातून त्याला असहाय करायचे, अशी ती रचना आहे. जमिनीवर राजाचा हुकूम चालतो. पाण्यात घोड्याचे पाय सुटले की हुकुमाला अर्थ राहत नाही. लगाम ज्याच्या हाती तोच त्या घटकेपुरता धनी. खाडीतली ती काही पळे म्हणजे राजसत्तेचा खंड आहे, आणि त्या खंडात चिटणिसांच्या घराण्याचे सारे येणे वसूल होते. इथे सूडही नाही आणि क्षमाही नाही. घराण्याच्या वहीत एक बाकी मांडली जाते : आम्ही तुम्हाला एक प्राण दिला होता, तुम्ही तो घेतलात, हा आम्ही तुम्हाला दिलेला दुसरा. ही वाक्ये बखरीत नाहीत. ती तिच्या रचनेत आहेत.

दुसरी गोष्ट अशी की पाण्यात उडी टाकणारा हा माणूस लेखणीचा आहे. चिटणिसाचे काम पत्रे लिहिण्याचे. त्याच्या हाती घोड्याचा लगाम येतो, तेव्हा लेखणीवाल्या घराण्याचा शौर्यावरचा हक्कही नोंदवला जातो. उत्तर पेशवाईपासून प्रभू ज्ञातीच्या वेदोक्ताच्या अधिकारावरून जी ग्रामण्ये झाली त्यांच्या पार्श्वभूमीवर हा हक्क किती मोलाचा होता, हे वेगळे सांगायला नको. घटना सतराव्या शतकाची असली तरी तिच्यातली निकड एकोणिसाव्या शतकाची आहे. एवढे नोंदवून पुढे जातो; या मुद्द्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

या आख्यानात भरती जे काम करते तेही पाहण्यासारखे आहे. छापा ओहोटीत झाला. गोव्याच्या नद्यांत समुद्राचे पाणी फार आतपर्यंत येते. बांध, मानशी आणि खाजने यांची तिथली सारी शेतीच भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चालते. ज्या माणसांनी रात्रीची ओहोटी हेरून बेट गाठले त्यांना हे वेळापत्रक माहीत होते. त्यांची युक्तीच त्यावर उभी होती. मग त्याच सैन्याचा राजा भरतीने चकतो कसा? कथनात ओहोटी ही बुद्धीची खूण होती. बखरीने ती वगळली, भरती तेवढी ठेवली आणि ती दैवाची खूण केली. शिवाय एक बारीक गोष्ट. चांद्रगणिताने पाहता त्या रात्री शुक्ल पक्षातली षष्ठी-सप्तमी असावी. कोकणात अशा तिथींच्या भरतीला भांगाची भरती म्हणतात; अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाण ते नव्हे. भांगाच्या पाण्यातही घोडा बुडू शकतो, त्यामुळे प्रसंग खोटा ठरत नाही, आणि तो ठरवण्याचा माझा हेतूही नाही. परंतु कथाकथनात आणि चित्रांत पुढे जे उसळलेले पाणी आले, ते समुद्रापेक्षा कथानकाच्या गरजेतून चढलेले आहे. राजा जितका खोल पाण्यात, तितकी सेवकाची निष्ठा उंच.

या साऱ्यात छाप्याचे काय झाले? तो नाहीसा झाला. मराठे शहरापर्यंत गेले होते ते कशासाठी, बेट घेऊन सोडले ते का, हे प्रश्न बखरीत उभेच राहत नाहीत, कारण काठावर आल्याबरोबर गोष्ट संपते. प्रसंगाचा अंत 'शहर मिळाले नाही' असा असायला हवा होता. तो 'राजा वाचला' असा झाला. पोर्तुगीज संहितेत 'संताने राखले' आणि मराठी संहितेत 'सेवकाने राखले'. शत्रुपक्षांच्या या दोन कथांचा व्याकरणदृष्ट्या कर्ता भिन्न असला तरी क्रियापद एकच आहे. दोन्हीकडे फसलेल्या डावाच्या जागी रक्षणाची कथा बसवली गेली. व्हाइसरॉय कसाबसा वाचला आणि महाराजही वाचले. एकाच पाण्याच्या दोन काठांवर एकमेकांना न ओळखणारी ही जुळी आख्याने आहेत.

राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या प्रस्तावनांत बखरींच्या विश्वसनीयतेवर जो घणाघात केला, त्याने इतिहासाचे भले झाले. पण पदव्युत्तर वर्गांत त्याचा परिणाम असा झाला की बखरीतला इतिहास इतिहासाच्या वर्गाने टाकला आणि भाषाशैली तेवढी मराठीच्या वर्गात आली. र. वि. हेरवाडकरांनी 'मराठी बखर' या ग्रंथात बखरीला वाङ्मयप्रकार म्हणून प्रतिष्ठा दिली, हे त्यांचे ऋण मोठे. तरीही त्यांच्यानंतरच्या अध्यापनात 'बखरीची भाषा : फारसी शब्द, आटोपशीर वाक्ये, वीररस' असा एक ठरीव नमुना तयार झाला आणि विद्यार्थी तो उत्तरपत्रिकेत उतरवत राहिले. शैली आणि माहिती यांच्यामध्ये कथनाचा व्यूह असतो, आणि घराण्याचे हितसंबंध, जातीचा मान, गादीचा आश्रय ही सारी त्या व्यूहातच काम करतात. त्याकडे पाहण्याची शिस्त आपण लावली नाही. नव्वदीच्या दशकात हेडन व्हाइटचे नाव आपल्या चर्चासत्रांत पुष्कळ घेतले गेले. कथानकीकरणाची त्याची संकल्पना उपयोगी आहे यात शंका नाही. परंतु त्याने नॉर्थ्रॉप फ्रायकडून घेतलेल्या चार आकृतिबंधांपैकी जुव्याची रात्र कशात बसवायची? अद्भुतरम्य म्हणावी तर विजय नाही, शोकात्म म्हणावी तर पतन नाही, सुखात्म म्हणावी तर समेट फक्त चिटणिसांच्या घरापुरता, आणि उपहास करायला बखरकार धजणार नाही. व्हाइटचे साचे युरोपच्या एकोणिसाव्या शतकातल्या इतिहासग्रंथांवरून घेतलेले आहेत. मराठी गद्याचे साचे मराठी संहितांवरूनच काढावे लागतील.

असे निदान तीन साचे मला दिसतात : दैव, फितुरी आणि निष्ठा. मराठी कथनात डाव फसला की तो दैवाने फसतो, कोणाच्या फितुरीने फसतो, किंवा फसण्याची गोष्टच बाजूला सारून कोणाची तरी निष्ठा पुढे केली जाते. 'बेत चुकला', 'अंदाज चुकला', 'वेळ संपली' अशी साधी कारणे कथनाला पुरत नाहीत.

आधुनिक इतिहासलेखनाने यात बदल केला काय? बेंद्र्यांचे 'छत्रपती संभाजी महाराज' (१९६०) आणि कमल गोखल्यांचे 'शिवपुत्र संभाजी' (१९७१) या ग्रंथांनी नाटक-कादंबऱ्यांतल्या व्यसनी राजपुत्राची प्रतिमा पुसून साधनांवर आधारलेला राज्यकर्ता उभा केला. हे काम अवघड होते आणि आवश्यक होते. परंतु पुनर्वसनाच्या कथनाला अपयश परवडत नाही. मोगल पाठीवर आले नसते तर गोवे पडले असते, हे विधान या परंपरेत आणि तिच्यावर पोसलेल्या ऐतिहासिक कादंबरीत सतत ऐकू येते. ते कदाचित खरेही असेल. पण जुवे सोडले ते नोव्हेंबरअखेर आणि शाहआलम गोव्यापाशी पोचला तो जानेवारीत. मधला महिना-दीड महिना या विधानात कुठे जातो? शाहआलम वाटेवर असल्याची बातमी आधीच आली असणार, हे उत्तर देता येते. तरीही विधानाची घडण जुनीच राहते : आमचा डाव फसला नाही, बाहेरच्या कोणी तो मोडला. दैवाच्या जागी आता मोगल आले, एवढाच फरक.

इथे नगरचा उल्लेख करणे भाग आहे, आणि तो केवळ हा लेखक नगरला शिकवतो म्हणून नव्हे. जुव्याचा छापा पडला त्या नोव्हेंबरातच औरंगजेबाने औरंगाबादेहून निघून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) तळ दिला होता. शाहआलमची मोहीम ही त्याच आखणीतली. हा शहजादा पोर्तुगिजांचा मित्र म्हणून आला आणि गलबतांतून येणाऱ्या रसदीच्या आडून गोवेच गिळण्याचा त्याचा विचार आहे असा संशय पोर्तुगिजांना आला; त्यांनी गलबते नदीत येऊ दिली नाहीत. म्हणजे एकाच हंगामात, एकाच नदीच्या तोंडाशी, त्याच शहराविरुद्धचा दुसरा डावही फसला. मग रसद तुटलेले मोगल सैन्य रामघाटातून परत फिरले. उपासमार आणि साथीने माणसे व जनावरे मेली, आणि उरलेले सैन्य १६८४ च्या मे महिन्यात नगरला पोचले. मोगल बाजूच्या कथनात ही गोष्ट हवापाण्याची आणि दुष्काळाची होते. कोकणची रोगट हवा हा त्या दरबाराचा दैववाद म्हणता येईल.

नगरच्या भुईकोट किल्ल्याने मात्र याच्या नेमकी उलट कथा एका शतकाआधी दिली होती. अकबराचा मुलगा मुराद आणि खानखानान यांनी १५९५ च्या डिसेंबरात या किल्ल्याला वेढा घातला. तटाखाली सुरुंग खणले गेले. मोगलांच्याच छावणीतल्या ख्वाजा मुहम्मद खान शिराझीने रात्री आत खबर दिली; आतल्यांनी काही सुरुंग शोधून निकामी केले, पण एक मोठा सुरुंग २० फेब्रुवारी १५९६ रोजी उडालाच. खिंडारातून हल्ला झाला, चांदबीबी बुरखा घेऊन, तलवार उपसून तिथे उभी राहिली, हल्ला परतला आणि रातोरात भिंत पुन्हा पुरुषभर उंच उभी झाली. फिरिश्त्याने हे वर्णन केले आहे. निजामशाहीच्या आश्रयाला असलेल्या सय्यद अली तबातबाचा 'बुरहाने मआसिर' तर या वेढ्याच्या अखेरीपाशीच थांबतो. पुढे १६०० साली ती स्वतःच्याच लोकांकडून मारली गेली आणि किल्ला पडला. लोकांच्या स्मरणात मात्र भिंत चढवणारी चांदबीबीच उभी राहिली.

या कथेतही रक्षणाचेच क्रियापद आहे, परंतु इथे ते आपल्या जागी आहे, कारण कथन तटाच्या आतून चालले आहे. तटाच्या आतून पाहणाऱ्याला शत्रूचा फसलेला हल्ला हीच पूर्ण गोष्ट असते. तिला आरंभ, मध्य आणि अंत असतो. गंमत अशी की इथे फितुरीही आहे. शिराझीने आपल्या छावणीशी द्रोह केला. पण आतल्या कथनात ती फितुरी ठरत नाही. ती ईश्वरी साहाय्य ठरते, सज्जनाचा कळवळा ठरते. फितुरी हा शब्द तटाच्या कोणत्या बाजूला उभे राहून उच्चारला जातो यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो, हे मराठी ऐतिहासिक कादंबरीने मनावर घेतलेले नाही.

मराठी ऐतिहासिक कल्पना ही मूलतः तटाच्या आतली कल्पना आहे, असे विधान मला यावरून करावेसे वाटते. पन्हाळा, सिंहगड, रामशेज, जिंजी, ही तिची स्थळे आहेत. किल्ला राखणे किंवा परत मिळवणे या दोन क्रियांभोवती तिने आपले वीरकाव्य रचले. दुसऱ्याच्या शहरासमोर, बाहेर, पाण्यात उभे राहण्याच्या स्थितीला तिच्याकडे रूप नव्हते. जुव्याच्या रात्री मराठे बाहेर होते. बखरीने ते बाहेरचेपण सहन न होऊन राजाच्या देहालाच किल्ला केला, त्याला पाण्याचा वेढा दिला आणि तो राखायला चिटणीस उभा केला. आक्रमणाची गोष्ट रक्षणाच्या गोष्टीत उतरवल्याखेरीज तिला ती सांगताच आली नसती. घराण्याच्या हितसंबंधाचे स्पष्टीकरण वर दिले आहे आणि ते मी मागे घेत नाही. पण आख्यान चिटणिसांच्या घरापुरते राहिले नाही, साऱ्या महाराष्ट्राने ते आपले मानले, याचे कारण घराण्याच्या पलीकडे, या कल्पनेच्या घडणीत शोधावे लागते.

यावर आक्षेप येईल. सुरतेची लूट, कर्नाटकाची मोहीम, अटकेपर्यंतची घोडदौड यांचे काय? त्या विजयाच्या किंवा संपत्तीच्या कथा आहेत आणि त्यांतली शहरे कथनात फारशी दिसत नाहीत. दिसतो तो जाण्यायेण्याचा वेग. शहराच्या भिंतीसमोर थांबून राहिलेल्या सैन्याचे कथन मराठीत विरळाच आहे. जंजिऱ्याचा अपवाद सांगितला जाईल. १६७६ मध्ये मोरोपंतांच्या मोहिमेत लाय पाटील कोळ्याने रात्री तटाला शिड्या लावल्या आणि मागून यायचे सैन्य आले नाही, ही गोष्ट मराठीत सांगितली जाते खरी. पण तिचाही शेवट कसा होतो? शिवाजी महाराजांनी लाय पाटलाला पालखीचा मान दिला, त्याने तो नम्रपणे नाकारला. पुन्हा सेवक, पुन्हा गौरव. सैन्य का आले नाही, हा प्रश्न शिडीवरच राहतो.

याच महिन्यातल्या फोंड्याकडे शेवटी एकदा पाहावे. फोंड्याचे रक्षण झाले, म्हणून त्याला नावे आहेत. येसाजी आणि कृष्णाजी कंक ही बापलेकांची नावे, कृष्णाजीच्या प्राणघातक जखमा, कंकांच्या घराण्याला मिळालेले इनाम आणि पडका कोट दुरुस्त करून त्याला दिलेले मर्दनगड हे नाव. तिथून जवळच, दोन आठवड्यांनी, ओहोटीच्या पाण्यातून जुव्यावर उतरलेल्या चाळीस माणसांपैकी एकाचेही नाव खाडीच्या आख्यानात येत नाही. त्यांची संख्यासुद्धा आपल्याला कळते ती शत्रूच्या दप्तरातून.